कॅनडाचा पीआर: सीआरएसच्या यादीत तुमचा नंबर कसा ठरतो

‘कॅनडाच्या पीआरला, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीला, किती पॉइंट्स लागतात?’ असं विचारलंत की कुणी ६७ सांगतं, कुणी ५३०. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. ६७ ही पात्रतेची पायरी आहे. ५३० हा कुठल्यातरी एका ड्रॉचा कट-ऑफ आहे. दहावी पास होणं वेगळं आणि अकरावीला हव्या त्या कॉलेजच्या मेरिट लिस्टमध्ये नाव लागणं वेगळं. इथेही तसंच आहे. पहिल्या आकड्यावर खूश होऊन लोक एजंटला पैसे भरून मोकळे होतात आणि दुसरा आकडा नंतर कळतो.

पॉइंट्स देऊन माणसं निवडायची पद्धत कॅनडाने १९६७ साली सुरू केली, जगात पहिल्यांदाच. तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं ती पास-नापास धर्तीवरच होती. ठरलेले गुण मिळाले की रांगेत उभं राहायचं. रांगा इतक्या वाढल्या की अर्ज वर्षानुवर्षं पडून राहू लागले. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री आली. आता पात्र ठरलेल्यांचा एक पूल असतो, त्यात प्रत्येकाला सीआरएस (कॉम्प्रिहेन्सिव्ह रँकिंग सिस्टीम) या पद्धतीने गुण असतात आणि सरकार वेळोवेळी ड्रॉ काढून वरच्यांना पीआरसाठी अर्ज करायला बोलावतं. ड्रॉ म्हटलं तरी यात लॉटरी नाही, चिठ्ठ्या नाहीत; शुद्ध क्रमवारी आहे. त्यामुळे ‘किती गुण लागतात’ याचं कायमचं उत्तर कुणाकडेच नसतं. त्या दिवशी पूलमध्ये कोण आहे, किती जणांना बोलावलंय आणि कोणत्या प्रकारच्या लोकांना बोलावलंय, यावर ते ठरतं.

आधी पात्रता

एक्स्प्रेस एंट्रीत तीन संघीय योजना आहेत. कॅनडात कुशल कामाचा किमान एक वर्ष अनुभव असलेल्यांसाठी कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास, वेल्डर-इलेक्ट्रिशियनसारख्या कारागिरांसाठी ट्रेड्स आणि बाहेर बसून अर्ज करणाऱ्यांसाठी फेडरल स्किल्ड वर्कर. क्यूबेक प्रांताची निवड स्वतंत्र असते, ती यात धरू नका.

पुण्या-नाशकात बसून अर्ज करणाऱ्याला बहुतेक वेळा तिसरीच योजना लागू पडते. तिच्या अटी अशा: गेल्या दहा वर्षांत किमान एक वर्ष सलग, पगारी, कुशल काम, भाषेच्या चारही भागांत (ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं) किमान सीएलबी ७, पदवीचं मूल्यांकन, आणि शंभरपैकी ६७ गुण. या शंभरात भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, कॅनडातल्या पक्क्या नोकरीला १० आणि ‘जुळवून घेण्याची क्षमता’ या नावाखाली आणखी १०. ३५ वर्षांपर्यंत वयाचे पूर्ण १२ मिळतात, त्यानंतर दर वर्षी एक कमी होत जातो.

सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची मोजपट्टी. आयईएलटीएस, सेल्पिप किंवा पीटीई कोअर यांपैकी कोणतीही परीक्षा द्या, तिचे गुण शेवटी या पट्टीवर उतरवले जातात. आयईएलटीएसला बसणार असाल तर जनरल ट्रेनिंगचा पर्याय निवडा. अकॅडमिक इथे चालत नाही, आणि फॉर्म भरताना घाईत तोच निवडणारे दर वर्षी भेटतात.

मग क्रमवारी: सीआरएसचे बाराशे गुण

पात्र ठरलात की ते ६७ विसरून जा, त्यांचा पुढे काही उपयोग नाही. आता मोजणी नव्याने होते, कमाल १,२०० पैकी. त्यातले ५०० वय, शिक्षण, भाषा आणि कॅनडातला अनुभव यांचे; १०० या गोष्टी एकमेकींशी जुळून येतात त्याचे; आणि ६०० जादा, म्हणजे प्रांताचं नामांकन, फ्रेंच, कॅनडातलं शिक्षण, तिथे राहणारा सख्खा भाऊ किंवा बहीण वगैरे.

मधले शंभर लोक वाचतच नाहीत. खरी गंमत तिथेच आहे. एक उदाहरण मांडून बघू.

समजा, ३२ वर्षांची अविवाहित इंजिनिअर. बी.ई., भारतात सहा वर्षांची नोकरी, कॅनडात कधी गेलेली नाही. आयईएलटीएसमध्ये लिसनिंग ७.५ आणि बाकी तिन्हीत ६.५. म्हणजे चारही भागांत सीएलबी ८. पात्रतेचे गुण भरतात ६८, म्हणजे पास. सीआरएस असा येतो: वयाचे ९४, पदवीचे १२०, भाषेचे प्रत्येक भागाला २३ प्रमाणे ९२. शिवाय पदवी आणि भाषा यांच्या जोडीचे १३, परदेशी अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचे २५. एकूण ३४४.

आता तिने पुन्हा परीक्षा दिली आणि प्रत्येक भागात फक्त अर्धा बँड वाढवला. लिसनिंग ८, बाकी तिन्ही ७. हे झालं सीएलबी ९. भाषेचे ३१ चोक १२४. पदवीच्या जोडीचे १३ चे २५ झाले, अनुभवाच्या जोडीचे २५ चे ५०. एकूण ४१३. अर्ध्या बँडने ६९ गुण दिले. एवढी वाढ दुसऱ्या कुठल्याही कष्टातून, इतक्या कमी पैशांत मिळत नाही. तिने वर एम.टेक. केलं असतं तरी दोन वर्षं आणि बरीच फी घालवून याहून कमीच हाती लागलं असतं.

पण एक मेख आहे. जोडीचे वाढीव गुण मिळायला चारही भागांत सीएलबी ९ हवं. रायटिंगमध्ये ६.५ वरच अडकली, बाकी सगळं ९ च्या पातळीला, तर भाषेचे ११६ होतात पण जोडीचे १३ आणि २५ तसेच राहतात. एकूण ३६८. म्हणजे एकट्या रायटिंगच्या त्या अर्ध्या बँडची किंमत ४५ गुण. आपल्याकडच्या मुलांचं घोडं बहुतेक वेळा रायटिंगलाच अडतं, असा माझा अनुभव आहे. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांचंही. ऑफिसात रोज इंग्रजी ई-मेल लिहितो म्हणून तयारी न करता जाणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

सीएलबी ९ च्या वर मात्र चढण महाग पडते. चारही भागांत १० मिळवले तर भाषेचे १३६, म्हणजे फक्त १२ जास्त. जोडीचे गुण ९ लाच पूर्ण होतात. तेव्हा ९ मिळालं की इंग्रजीच्या मागे लागणं थांबवा आणि वेळ दुसरीकडे घाला.

वय: इथे घड्याळ तुमच्या विरुद्ध चालतं

अविवाहिताला २० ते २९ पर्यंत ११० गुण. तिसाव्या वाढदिवसाला १०५, मग दर वर्षी पाच-सहा कमी होत पस्तिशीला ७७, चाळिशीला ५०. त्यानंतर घसरण दुप्पट वेगाने: ४१ ला ३९, ४२ ला २८, ४३ ला १७, ४४ ला ६ आणि ४५ ला शून्य. प्रोफाइल पूलमध्ये पडून असतानाही वाढदिवस आला की गुण आपोआप कमी होतात. एकतिसाव्या वर्षी ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, कारण पुढचं वर्ष फुकट मिळत नाही.

पदवीचं मूल्यांकन

तुमच्या पदवीचं नाव काय आहे याला इथे महत्त्व नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या अहवालात, म्हणजे ईसीएमध्ये, ती कॅनडातल्या कशाशी समकक्ष ठरली यावर गुण मिळतात. भारतातले बहुतेक लोक हे वेस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) या संस्थेकडून करून घेतात. पदवीला १२०, दोन प्रमाणपत्रं असतील आणि त्यातलं एक तीन वर्षांचं किंवा जास्त असेल तर १२८, मास्टर्सला १३५, पीएच.डी.ला १५०. बी.कॉम.-बी.एस्सी.सारख्या तीन वर्षांच्या पदव्यांचा निकाल कॉलेजगणिक वेगळा येऊ शकतो, म्हणून स्वतःच १२० धरून पुढचे बेत आखू नका. अहवाल हातात येऊ द्या.

यातला वेळखाऊ भाग कॅनडात नसून आपल्या विद्यापीठात आहे. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जायला हवी, तुम्ही स्कॅन करून पाठवलेली चालत नाही. जुन्या गुणपत्रिका हरवलेल्या असतील तर आधी डुप्लिकेट काढा, मग ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज. हे काम परीक्षेच्या तयारीबरोबरच सुरू करा, नंतर नाही. ईसीए पाच वर्षं चालतो, भाषेचा निकाल दोनच वर्षं.

नावाचा घोळही इथेच निस्तरून घ्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव-आडनाव आलेलं आणि पदवीवर माहेरचं, हा तर घरोघरीचा प्रकार. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद तयार ठेवा. परीक्षेची नोंदणी मात्र पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरागणिक.

अनुभव: पदाच्या नावावर जाऊ नका

कॅनडा प्रत्येक कामाला एनओसी नावाच्या यादीतला पाच आकडी कोड देतं आणि त्या कामाला लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणानुसार टीअर ० ते ५ अशी पायरी ठरवतं. एक्स्प्रेस एंट्रीला ० ते ३ चालतात. कोड निवडताना व्हिजिटिंग कार्डवर काय छापलंय ते बाजूला ठेवा. यादीत त्या कोडखाली कोणती कामं लिहिली आहेत ते वाचा आणि आपण दिवसभर प्रत्यक्षात काय करतो त्याच्याशी ताडून बघा. आपल्याकडे चार वर्षांत सगळेच मॅनेजर होतात. हाताखाली माणूस नसलेला ‘मॅनेजर’ तिथे मॅनेजरच्या कोडमध्ये बसत नाही.

पुरावा म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागतं: पद, कामाचं स्वरूप, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, पगार, सही करणाऱ्याचं नाव आणि संपर्क. आपल्या मोठ्या कंपन्यांचे एचआर बहुधा दोन ओळींचा सर्व्हिस दाखलाच देतात, कामाचं वर्णन लिहायला तयार नसतात. अशा वेळी साहेबांकडून किंवा वरिष्ठ सहकाऱ्याकडून कामाच्या वर्णनाचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून घेतात आणि त्याला नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ जोडतात. एचआरने नकार दिलेला ई-मेलही सोबत लावा, म्हणजे पत्र का नाही ते कळतं.

आठवड्याला ३० तास हे पूर्णवेळ धरतात, वर्षाला १,५६० तास. पगार नसलेली इंटर्नशिप मोजत नाहीत.

लग्न झालेलं असेल तर

जोडीदार सोबत येणार असेल तर तुमचे स्वतःचे गुण थोडे कमी होतात आणि त्याबदल्यात जोडीदाराचे कमाल ४० मिळतात: शिक्षणाचे १०, भाषेचे २०, कॅनडातल्या अनुभवाचे १०. मघाचीच इंजिनिअर विवाहित असेल आणि सीएलबी ९ वर असेल तर तिचे स्वतःचे ३८८ होतात. नवरा पदवीधर असल्याचे ८ धरून ३९६. त्यानेही परीक्षा देऊन चारही भागांत ९ मिळवलं तर ४१६. एका परीक्षेच्या फीमध्ये २० गुण. तरीही ‘मुख्य अर्जदार मी आहे ना, तू कशाला परीक्षा देतेस’ असं घरात सर्रास म्हटलं जातं. त्याहून मोठी गफलत म्हणजे मुख्य अर्जदार नवराच असणार हे गृहीत धरणं. दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मांडा. बायको तीन वर्षांनी लहान आणि इंग्रजीत सरस असेल, तर तिचं नाव वर ठेवल्याने वीस-पंचवीस गुणांचा फरक सहज पडतो.

पूल, ड्रॉ आणि न दिसणारी दारं

प्रोफाइल भरायला फी नाही. एकदा भरलेली प्रोफाइल १२ महिने चालते. समान गुण असतील तर ज्याची प्रोफाइल आधी आली त्याचा नंबर आधी, म्हणून कागद तयार असताना उगाच थांबू नका.

आता कटू भाग. आपल्या इंजिनिअरचे ४१३ चांगले आहेत का? २०२५ मध्ये कॅनडात अनुभव घेतलेल्यांच्या ड्रॉचे कट-ऑफ साधारण ५१५ ते ५५० या पट्ट्यात राहिले, आणि त्या ड्रॉमध्ये ती बसतच नाही. सर्वांसाठी खुले असलेले ड्रॉ २०२४ च्या एप्रिलनंतर थांबले आणि २०२५ भर एकही निघाला नाही. त्याआधीच, जून २०२३ पासून, सरकार वर्ग ठरवून ड्रॉ काढू लागलं होतं: फ्रेंच येणारे, आरोग्यसेवेतले, कारागीर, शिक्षक वगैरे. वर्गांची यादी आणि अटी वर्षागणिक बदलतात. नर्स, फिजिओथेरपिस्ट यांनी तर इतर काही बघण्याआधी आपला कोड त्या यादीत आहे का ते बघावं. २२ जुलै २०२५ च्या आरोग्य वर्गाच्या ड्रॉत ४,००० जणांना आमंत्रण गेलं, कट-ऑफ ४७५.

फ्रेंचचं गणित वेगळ्याच पातळीवर आहे. २१ मार्च २०२५ च्या फ्रेंच ड्रॉमध्ये ७,५०० जणांना बोलावलं आणि कट-ऑफ उतरला ३७९ वर. त्यानंतर तो कधी ४१६, कधी ४८१ असा वरखाली झाला. आपल्या इंजिनिअरने फ्रेंचच्या चारही भागांत पातळी ७ गाठली तर दुसऱ्या भाषेचे १२ आणि जादाचे ५०, म्हणजे ४१३ चे ४७५, शिवाय वेगळ्या रांगेत उभं राहण्याचा हक्क. ही पातळी साधारण युरोपीय भाषा-मोजपट्टीवरच्या बी२ च्या जवळ जाते. शाळेत शंभरपैकी ९५ मिळवून देणारं फ्रेंच इथे पुरत नाही. नोकरी सांभाळून शून्यापासून शिकायला दीड-दोन वर्षं धरा आणि टीईएफ किंवा टीसीएफ या परीक्षांचं ‘कॅनडा’ नाव असलेलं रूप द्या. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझ आहे, बाकी ठिकाणी ऑनलाइन वर्ग. तिशीच्या आत असाल तर मी हाच रस्ता सुचवेन. एजंट सहसा सुचवत नाहीत, कारण यात त्यांना विकण्यासारखं काही नसतं.

तिसरं दार प्रांतांचं. एखाद्या प्रांताने एक्स्प्रेस एंट्रीमार्फत नामांकन दिलं की ६०० गुण मिळतात आणि पुढच्या योग्य ड्रॉला आमंत्रण जवळपास पक्कं. प्रांतांच्या ड्रॉचा कट-ऑफ सातशेच्या वर दिसतो तो यामुळेच. त्यातले ६०० वजा करून वाचा. प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे, गरज वेगळी, आणि कोटा केंद्र सरकार ठरवतं. २०२४ साठी सगळ्या प्रांतांचं मिळून उद्दिष्ट १,१०,००० होतं, २०२५ साठी ते ५५,००० वर आणलं. नामांकन घ्यायचं तर त्या प्रांतात राहण्याची खरी तयारी हवी.

आणि नोकरीचं पत्र? पूर्वी त्याचे ५० किंवा २०० गुण मिळायचे. ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले, कारण त्या पत्रांचा बाजार भरला होता. आजही कुणी ‘जॉब ऑफर देतो, दोनशे पॉइंट्स वाढतील’ म्हणत लाखो रुपये मागत असेल तर तिथून उठा. सल्लागार घ्यायचाच असेल तर कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेच्या (कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स) सार्वजनिक यादीत त्याचं नाव आणि परवाना तपासा. त्याने तुमच्या नावे खोटं लिहिलं तरी जबाबदार तुम्हीच, आणि खोटी माहिती सिद्ध झाली की पाच वर्षांची बंदी.

‘आधी शिकायला जाऊ, मग पीआर होतोच’ असं मानणाऱ्यांनी पण एकदा बेरीज करावी. आपली इंजिनिअर तिथे जाऊन एक वर्ष काम करते, असं धरू: कॅनडातल्या अनुभवाचे ४०, पदवीशी त्याच्या जोडीचे १३. वय तेच धरलं तरी ४६६. दोन वर्षांच्या शिक्षणाचे १५ आणि दुसऱ्या प्रमाणपत्राचे थोडे मिळतील, पण तोवर तीन वाढदिवस झालेले असतात.

पैसे

फेडरल स्किल्ड वर्करला खात्यात रक्कम दाखवावी लागते. आकडा दर वर्षी बदलतो. २०२५ च्या जुलैपासून एकट्या माणसासाठी तो १५,२६३ कॅनेडियन डॉलर होता, कुटुंबाच्या आकाराप्रमाणे वाढत जातो. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते, त्यामुळे आदल्या आठवड्यात मामांकडून आणलेले पैसे चालत नाहीत. एफडी चालते, उसनवारी चालत नाही, राहत्या फ्लॅटची किंमत तर नाहीच. वडिलांनी रक्कम दिली असेल तर ती भेट असल्याचं लेखी असू द्या.

आमंत्रण आल्यावर

६० दिवस मिळतात, आणि ते भर्रकन जातात. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स, शिवाय ज्या ज्या देशात गेल्या दहा वर्षांत सहा महिने किंवा जास्त राहिलात तिथलाही. दुबई किंवा सिंगापूरला नोकरी केलेल्यांनी तो आधीच मागवावा. २१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जाआधीच करावी लागते आणि ती ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच. प्रोफाइलमध्ये लिहिलेली प्रत्येक तारीख आता कागदाने सिद्ध करायची असते. ती जुळली नाही आणि गुण कट-ऑफच्या खाली आले तर अर्ज फेटाळला जातो, म्हणून प्रोफाइल भरतानाच अनुभव फुगवू नका.

कागद ६० दिवसांत जमणार नाहीत असं दिसलं तर आमंत्रण नाकारता येतं. मग प्रोफाइल पूलमध्ये परत जाते आणि पुढच्या ड्रॉसाठी धरली जाते, नंबर लागेलच असं नाही. नाकारलंही नाही आणि अर्जही केला नाही तर मात्र आमंत्रण संपतं, प्रोफाइल काढून टाकली जाते आणि सगळं नव्याने भरावं लागतं.